पेट स्कॅनमध्ये ‘तीन’ आला, मग औषध कमी का केलं?

डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. मागच्या दिवाळीनंतर त्याच्या मानेत गाठ आली. आई म्हणाली, अवधाण असेल, जाईल. मग सुईची तपासणी झाली आणि टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. चार महिने गोळ्या खाल्ल्या, पण गाठ वाढतच गेली. रात्री घामाने अंथरूण भिजायचं. शेवटी पुण्याला नेलं. तिथे गाठ काढून तपासली तेव्हा हॉजकिन लिम्फोमा निघाला, तिसरी स्टेज. पहिला पेट स्कॅन झाला आणि एबीव्हीडी किमो सुरू झाली. दोन सायकल संपल्यावर परत पेट स्कॅन केला. त्याच्या रिपोर्टचा फोटो सोबत पाठवते. त्यात डाव्या बाजूला मानेच्या मुळाशी १.४ सेंमीची गाठ, एसयूव्ही मॅक्स २.६, डोव्हिल स्कोअर ३ असं लिहिलंय. काकांनी नेटवर वाचलं की २.५ च्या वर गेलं म्हणजे कॅन्सर. पण ओपीडीत डॉक्टर म्हणाले, “छान आहे, आता एक औषध बंद करू.” गर्दी होती, आम्हाला पुढे विचारता आलं नाही. गाठ शिल्लक असताना औषध कमी का केलं? हातचं राखून उपचार करताहेत का? काका म्हणतात, दुसऱ्या सेंटरला परत स्कॅन करू, तोवर किमो थांबवू. आई म्हणते, एवढी किरणं पोराच्या अंगात घालू नका. माझी दोन वर्षांची मुलगी मामाला सोडत नाही, स्कॅनच्या दिवशी तिला त्याच्याजवळ जाऊ द्यावं का? उपचार संपल्यावर दर तीन महिन्यांनी स्कॅन करून घ्यावा का? पैसे आम्ही कसेही उभे करू.
— एक बहीण, मराठवाडा

ताई, आधी तातडीचं सांगते. तिसऱ्या सायकलची जी तारीख फाइलवर लिहून दिली आहे, त्या दिवशी भावाला घेऊन जाच. काका काळजीपोटीच बोलत आहेत, पण स्कॅनसाठी किमो थांबवणं हे या घडीला सगळ्यांत मोठं नुकसान ठरेल. एबीव्हीडीचे डोस पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने ठेवलेले असतात, फाइलवर ‘२ए’, ‘२बी’ असं लिहिलेलं दिसेल. दोन डोस मिळून एक सायकल. हॉजकिन लिम्फोमा हा लसिका ग्रंथींचा, पण पूर्ण बरा होऊ शकणारा कॅन्सर आहे, तिसऱ्या स्टेजलाही. आणि तो बरा होणं बऱ्याच अंशी वेळच्या वेळी पडणाऱ्या डोसांवर अवलंबून असतं. ताप आला, तब्येत बिघडली तर डॉक्टर स्वतः तारीख पुढे नेतील. घरच्यांनी आपल्या मनाने न्यायची नाही.

आता रिपोर्ट. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तीन आकडे आहेत, आणि घरात सगळ्यांनी त्यातला एकच वाचलाय. गाठीचा २.६. हा ‘एसयूव्ही’, म्हणजे त्या जागेने स्कॅनचं साखरेसारखं औषध किती ओढलं त्याचं माप. त्याच्या दोन ओळी खाली छातीच्या मध्यभागातल्या रक्ताचा १.९ आणि लिव्हरचा ३.१ असे आणखी दोन आकडे आहेत. लिम्फोमाच्या पेट स्कॅनमध्ये गाठीचा आकडा एकटा वाचतच नाहीत. तो या दोन आकड्यांच्या शेजारी ठेवून वाचतात.

असं का, ते समजायला त्या दिवशी भावाला काय काय केलं ते आठवा. सकाळी उपाशीपोटी बोलावलं असेल, फक्त साधं पाणी प्यायची मुभा. बोटाला टोचून साखर पाहिली असेल. मग शिशाच्या जाड नळीत बसवलेल्या सिरिंजमधून शिरेत औषध दिलं आणि पांघरूण देऊन तासभर एका खोलीत गप्प पडून राहायला सांगितलं. बोलायचं नाही, काही चघळायचं नाही, फेऱ्या मारायच्या नाहीत. ते औषध म्हणजे एफडीजी, ग्लुकोजच्या रेणूला फ्लोरीन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडून बनवलेलं. लिम्फोमाच्या पेशी साखर भराभर ओढतात. एफडीजीला त्या साखर समजून आत घेतात, पण पुढे पचवू शकत नाहीत, त्यामुळे ते पेशीतच अडकून पडतं. त्यातून निघणारे किरण मशीन टिपतं आणि शरीरात साखर कुठे किती ओढली गेली याचं चित्र तयार होतं. सोबत काढलेल्या सीटीवरून ती जागा नेमकी कोणती हे कळतं.

पण साखर ओढणारा कॅन्सर एकटा नाही. मेंदू भरपूर ओढतो, प्रत्येकाच्या स्कॅनमध्ये तो झगझगीत दिसतो. औषध लघवीवाटे बाहेर जातं म्हणून मूत्राशय उजळतं. भाऊ त्या तासात गप्पा मारत बसला असता तर घशाचे स्नायू उजळले असते. आदल्या दिवशी जिमला गेला असता तर हातापायांचे उजळले असते. थंडी वाजली असती तर मानेतली आणि खांद्यांतली तपकिरी चरबी उजळली असती, म्हणजे लिम्फोमाच्या गाठी असतात नेमक्या त्याच भागात. त्यासाठी ते पांघरूण असतं. नको म्हणून बाजूला सारणारे पेशंट मी खूप पाहिलेत, म्हणून मुद्दाम सांगते.

म्हणजे २.६ हा आकडा दगडावरची रेघ नाही. वजन, रक्तातली साखर, इंजेक्शन दिल्यावर किती मिनिटांनी स्कॅन घेतला, मशीन कोणतं, या सगळ्यांनी तो खालीवर होतो. काकांना सापडलेला २.५ हा आकडा फुप्फुसातल्या एकट्या गाठीबद्दलच्या जुन्या अभ्यासांतून आलाय. लिम्फोमात उपचाराचा परिणाम पाहायला तो वापरत नाहीत.

लिम्फोमासाठी वेगळी पट्टी आहे. २००९ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डोव्हिल या गावी याच विषयातल्या तज्ज्ञांची बैठक झाली, तिथे पाच पायऱ्यांची ही मोजणी ठरली. लिम्फोमाची तपासणी कशी करायची हे ठरवणाऱ्या २०१४ च्या लुगानो निकषांत ती आली आणि आता सगळीकडे तीच चालते. तिचा मोठेपणा असा की तुलना पेशंटच्या स्वतःच्या शरीराशीच होते. जुनी गाठ अजिबात उजळली नाही तर एक. उजळली, पण छातीतल्या रक्ताहून जास्त नाही, तर दोन. रक्ताहून जास्त पण लिव्हरपेक्षा जास्त नाही, तर तीन. लिव्हरपेक्षा बेताने जास्त असेल तर चार, खूपच जास्त असेल किंवा लिम्फोमाची नवी जागा दिसली तर पाच. भावाची गाठ १.९ आणि ३.१ च्या मध्ये बसते, म्हणून तीन. पहिल्या स्कॅनमध्ये हीच गाठ १४ च्या घरात होती, तेही याच रिपोर्टच्या तुलनेच्या ओळीत लिहिलंय. छातीतल्या आणि पोटातल्या गाठींचं उजळणं तर या वेळी गेलेलंच आहे. ओपीडीत डॉक्टर “छान आहे” म्हणाले ते यावरून. तुमच्या भावासारख्या उपचारात एक, दोन आणि तीन या तिन्हींना ‘औषध लागू पडतंय’ असंच धरतात. काळजी चारपासून सुरू होते. हे परीक्षेतले गुण नाहीत, त्यामुळे तीनाऐवजी एक यायला हवा होता असं मनात धरून बसू नका.

आता औषध कमी करण्याचा प्रश्न. तुमच्या पत्रात मला सगळ्यांत महत्त्वाचं हेच वाटलं. घरातल्या माणसाचं औषध कमी केलं की पोटात गोळा येतो, मग कारण कितीही चांगलं असो. त्यात ओपीडीच्या गर्दीत अर्ध्या मिनिटात सांगितलेलं असलं की रात्रभर डोळा लागत नाही. डॉक्टरांनी आणखी पाच मिनिटं द्यायला हवी होती, हे मी स्पष्टच म्हणेन. पण त्यांनी केलंय ते बरोबर आहे, आणि त्यामागे भक्कम पुरावा आहे.

एबीव्हीडी या चार औषधांतलं ‘बी’ म्हणजे ब्लिओमायसिन. ते फुप्फुसांना त्रास देतं. काहींना कोरडा खोकला आणि धाप लागते, काहींची फुप्फुसं कायमची कडक होतात, आणि थोड्या जणांच्या तर जिवावर बेततं. कॅन्सर बरा झाला पण जिना चढता येत नाही, अशी तरुण माणसं या औषधाने मागे ठेवली आहेत. म्हणून डॉक्टरांपुढे जुना प्रश्न होता की हे औषध सगळ्यांना शेवटपर्यंत द्यायलाच हवं का? ज्यांचा आजार पहिल्या दोन सायकलमध्येच विझतोय, त्यांचं ते थांबवलं तर? पण आजार कोणाचा विझतोय हे ओळखायचं कसं? नुसत्या सीटीवर ते कळत नव्हतं, कारण सीटी गाठीचा आकार दाखवतो आणि आकार हळूहळू कमी होतो. पेट स्कॅन आला आणि दोन सायकलनंतरच उत्तर मिळू लागलं.

ब्रिटन, इटली, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि उत्तर युरोपातले काही देश यांनी मिळून ‘रॅथल’ नावाची मोठी चाचणी केली. हॉजकिनचे बाराशेहून जास्त रुग्ण होते, बहुतेक पसरलेल्या आजाराचे. सगळ्यांना एबीव्हीडीच्या दोन सायकल दिल्या, मग पेट स्कॅन केला. ज्यांचा स्कोअर एक ते तीन आला, त्यांचे चिठ्ठी टाकून दोन गट केले. एका गटाला उरलेल्या चार सायकल एबीव्हीडीच्याच दिल्या, दुसऱ्याला ब्लिओमायसिन काढून उरलेली तीन औषधं दिली. २०१६ मध्ये निकाल छापून आला. तीन वर्षांनंतर आजार न उलटता असलेले पहिल्या गटात ८५.७ टक्के होते, दुसऱ्यात ८४.४ टक्के. तीन वर्षांनी हयात असलेले पहिल्या गटात ९७.२ टक्के, दुसऱ्यात ९७.६ टक्के. म्हणजे आजारावरची पकड जवळपास तेवढीच राहिली, आणि फुप्फुसांचा त्रास दुसऱ्या गटात कमी झाला. ज्यांचा स्कोअर चार किंवा पाच आला, त्यांना याच चाचणीत जास्त कडक किमोवर नेलं. स्कॅन दोन्हीकडे उपयोगी पडला. कोणाला जास्त लागणार आणि कोणाला कमी पुरणार, हे दोन्ही त्याने दाखवलं.

तुमच्या भावाचा स्कोअर तीन. त्याचं जे औषध बंद होतंय ते ब्लिओमायसिन. चोवीस वर्षांच्या मुलाला पुढची पन्नास-साठ वर्षं याच फुप्फुसांनी श्वास घ्यायचाय, आणि डॉक्टर त्याची फुप्फुसं वाचवत आहेत. पुढच्या भेटीला फक्त एवढंच विचारा: “बंद केलं ते ब्लिओमायसिनच ना, आणि बाकीची तीन औषधं पूर्ण मात्रेत चालू राहणार ना?” उत्तर ‘हो’ असेल तर मनातली शंका तिथेच सोडा. आणखी एक सांभाळा. पुढे कधी भावाला ऑपरेशनसाठी भूल द्यायची वेळ आली तर पूर्वी ब्लिओमायसिन मिळालंय हे भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगा, कारण अशा पेशंटला ऑक्सिजन किती द्यायचा याचा त्यांना विचार करावा लागतो.

काकांना दुसरं मत हवंच असेल तर तो त्यांचा हक्क आहे. त्यासाठी परत स्कॅन कशाला? जिथे स्कॅन झाला तिथून दोन्ही स्कॅनच्या सीडी मागून घ्या. नुसता कागदी रिपोर्ट किंवा फिल्म पुरत नाही. त्या दोन्ही सीडी आणि बायोप्सीचा रिपोर्ट दुसऱ्या न्यूक्लिअर मेडिसिनच्या, म्हणजे असे स्कॅन वाचणाऱ्या, किंवा रक्ताच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. तेच चित्र दुसऱ्या अनुभवी डोळ्यांनी पाहणं याला खरी किंमत आहे. महिन्याभराच्या आत दुसऱ्या मशीनवर नवं चित्र काढलं तर आकडा थोडा वेगळा येणारच, आणि मग दोन रिपोर्ट हातात धरून तुम्ही पहिल्यापेक्षा जास्त गोंधळाल. टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्याशी जोडलेली ‘नव्या’ नावाची ऑनलाइन सेवा आहे, तिथे कागदपत्रं पाठवून घरबसल्या तज्ज्ञांचं मत मागवता येतं. पुण्याचे हेलपाटे वाचतील.

आणि पहिल्या स्कॅनची सीडी तर दागिन्यासारखी जपा. पुढचा प्रत्येक स्कॅन तिच्याशी ताडून पाहिला जाणार आहे. शक्य तोवर सगळे स्कॅन त्याच सेंटरला, त्याच मशीनवर करा. त्या पहिल्या स्कॅनने आणखी एक काम केलंय. हॉजकिनमध्ये चांगला पेट स्कॅन असेल तर कंबरेच्या हाडातून मज्जा काढून तपासायची गरज आता सहसा पडत नाही. पूर्वी ती सगळ्यांचीच करायचे.

आईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. एका पेट-सीटीत साधारण १० ते २५ मिलिसिव्हर्ट एवढा किरणोत्सार मिळतो. त्यातला सातएक मिलिसिव्हर्टचा भाग इंजेक्शनचा, बाकीचा सीटीचा, आणि सीटी किती बारकाईचा काढला त्यावर हा आकडा ठरतो. जमिनीतून, हवेतून, आकाशातून आपल्या सगळ्यांना वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतो. म्हणजे एक स्कॅन काही वर्षांच्या नैसर्गिक किरणांएवढा. त्याने पुढे कॅन्सर होण्याची शक्यता फार थोडी वाढते, पण वय जेवढं कमी तेवढा हा विचार जास्त करायचा. समोर हॉजकिन असताना, आणि स्कॅनवर उपचाराचा निर्णय अवलंबून असताना, हा हिशोब स्कॅनच्या बाजूने झुकतो, आणि बराच झुकतो. निर्णयच व्हायचा नसेल तर मात्र आईंचं बरोबर आहे. काकांचा परत स्कॅन त्याच जातीचा आहे.

छोटीला मामापासून किती वेळ लांब ठेवायचं? फ्लोरीन-१८ चं बळ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. अकरा तासांत सहा वेळा निम्मं, म्हणजे चौसष्टावा भाग उरतो, आणि शिवाय बराचसा लघवीतून निघून गेलेला असतो. तेव्हा स्कॅन सकाळी झाला असेल तर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिला मांडीवर घ्यायचं नाही, कडेवर घ्यायचं नाही. परतीच्या गाडीत ती असेल तर त्याला पुढच्या सीटवर बसवा, तिला मागे तुमच्याजवळ. भरपूर पाणी, वरचेवर लघवी, संडासात दोनदा पाणी टाकणं, हात धुणं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला त्याच्या गळ्यात पडू द्या. घरात कोणी गरोदर असेल तर तिनेही तो दिवस जरा लांब राहावं. या पथ्याचा संबंध फक्त त्या एका दिवसाशी आहे. भावाचा कॅन्सर किंवा त्याची किमो कोणाला ‘लागत’ नाही, शेजारी कोणी तसं सुचवलं तर ठामपणे सांगा.

याच ११० मिनिटांमुळे स्कॅनच्या दिवशी वाट पाहावी लागते, तेही सांगून ठेवते. हे औषध साठवून ठेवता येत नाही. सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात पहाटे बनतं आणि शिशाच्या जड डब्यातून गाडीने सेंटरला येतं. २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन सुरू झालं, तिथून आपल्याकडे पेट स्कॅनची सुरुवात झाली. त्याआधी लिम्फोमासाठी गॅलियम स्कॅन असायचा. आज इंजेक्शन, चित्र दोन-तीन दिवसांनी, आणि तेही धूसर. आता अनेक शहरांत सोय झाली आहे, पण सायक्लोट्रॉन सगळीकडे नाही. गाडी घाटात अडकली किंवा एखादी खेप बिघडली की सकाळी सातला बोलावलेला पेशंट उपाशीपोटी दुपारपर्यंत बसतो. निघण्याआधी सेंटरला फोन करून औषध आलंय का ते विचारत जा. मधुमेह असलेल्या वाचकांनी गोळ्या आणि इन्सुलिन कधी घ्यायचं हे आदल्या दिवशीच सेंटरला विचारून ठेवावं. साखर २०० च्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी स्कॅन पुढे ढकलतात.

पुढचा स्कॅन उपचार संपल्यावर. तो घाईने करू नका. शेवटच्या किमोनंतर सहा ते आठ आठवडे जाऊ द्यायचे, रेडिएशन दिलं तर तीन महिने. औषधांनी आणि किरणांनी झालेली सूज आधी उजळते आणि नसता घोर लावते. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन नुकतंच घेतलं असेल तर सगळी हाडं उजळतात. दंडात लस घेतली असेल तर काखेतल्या गाठी उजळतात. हे सगळं स्कॅनआधी सेंटरच्या फॉर्मवर लिहा, कोणी विचारलं नाही तरी सांगा. त्या शेवटच्या स्कॅनमध्ये छातीत किंवा मानेत छोटी गाठ आकाराने उरलेली दिसू शकते. चूल विझली तरी राख उरते, तशी ती असते. ती गाठ पेट स्कॅनवर उजळत नसेल तर आजार गेला असंच धरतात.

आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन? ताई, नको. पैसे उभे करता येतील म्हणूनसुद्धा नको. लुगानो निकषांत हे सरळ सांगितलंय की आजार गेल्यावर तक्रार नसताना नुसत्या टेहळणीसाठी स्कॅन करत राहू नये, कारण अशा पेट स्कॅनमध्ये खोटा इशारा मिळण्याचं प्रमाण २० टक्क्यांहून जास्त आहे. मग त्या इशाऱ्यामागे बायोप्सी, खर्च, आणि घरभर पुन्हा तीच भीती.

आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे, आणि ते तुमच्या घराने उलट्या बाजूने भोगलंय. टीबी. टीबीच्या गाठीतल्या पेशीही साखर तशीच ओढतात, आणि पेट स्कॅनवर टीबी आणि लिम्फोमा हुबेहूब सारखे दिसू शकतात. किमोने प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, तेव्हा दबून बसलेला टीबी डोकं वर काढतो. छातीतल्या गाठी उजळल्या, आजार उलटला म्हणून घरात रडारड झाली, आणि बायोप्सीत टीबी निघाला, असे पेशंट आमच्या विभागाला नवे नाहीत. तरुण मुलांत तर किमो संपल्यावर काही महिन्यांनी छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी पुन्हा फुगते आणि उजळते. ती बरं होण्याचीच खूण, पण रिपोर्टमध्ये वाचणाऱ्याच्या काळजात धस्स होतं.

भावाची गाठ आधी टीबी समजली गेली आणि चार महिने गेले. सुईच्या तपासणीत चार-दोन पेशी येतात, तेवढ्यावर हॉजकिन पकडणं अवघड असतं. पूर्ण गाठ काढून तपासली तेव्हा ते कळलं. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे: टीबीच्या गोळ्या चालू असूनही गाठ वाढत असेल, किंवा टीबीचे जंतू सापडले नसतील, तर पूर्ण गाठीची बायोप्सी मागा. आणि तुमच्या भावाच्या बाबतीत पुढे कधी स्कॅनमध्ये नवीन काही उजळलंच, तर नुसत्या त्या चित्रावर पुन्हा किमो सुरू करायला तयार होऊ नका. तुकडा काढून तपासल्याशिवाय ‘उलटला’ म्हणायचं नाही. चित्र जागा दाखवतं, तिथे काय आहे ते सूक्ष्मदर्शक सांगतो.

मग लक्ष कसं ठेवायचं? पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, पुढची तीन वर्षं दर सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा डॉक्टरांकडे जायचं. ते मान, काखा, जांघा हाताने चाचपतील, वजन पाहतील, रक्त तपासतील. तपासायच्या आधी कपडे ढिले करायला सांगितले नाहीत तर तुम्हीच आठवण करा. मधल्या काळात घरी नजर ठेवायची ती या गोष्टींवर: नवी गाठ हाताला लागली आणि दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, कारण न कळणारा ताप येत राहिला, पुन्हा रात्री अंथरूण भिजवणारा घाम सुरू झाला, सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, अंगभर खाज सुटू लागली, खोकला किंवा धाप जाईना. यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जा. तेव्हा डॉक्टरांनी पेट स्कॅन लिहून दिला तर बिनदिक्कत करा. त्या स्कॅनला शोधायला काहीतरी नेमकं असेल.

पैशांचं एवढंच सांगते, की उपचार संपल्यावरच्या त्या एका स्कॅनसाठी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला आणि आरोग्यमित्रांना आत्ताच भेटा, कोणत्या योजनेतून काय सवलत मिळते ते विचारा. स्कॅनच्या आदल्या दिवशी विचारलं तर कागद पुरे होत नाहीत. बाकीचे पैसे भावाच्या खाण्यापिण्याला, प्रवासाला आणि त्याचं शिक्षण किंवा नोकरी पुन्हा सुरू होईपर्यंतच्या खर्चाला राहू द्या.